आईचा डोळा दुखत नाही, माझी आग थांबत नाही: अश्रूंच्या तपासणीबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई 63 वर्षांच्या, मधुमेह 17 वर्षांपासून. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तपासताना डॉक्टरांना त्यांच्या उजव्या डोळ्याच्या कॉर्नियावर, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्यावर, तपासणीसाठी डोळ्यात घातलेल्या रंगाचे बरेच ठिपके दिसले. पृष्ठभाग खराब झालाय, असं ते म्हणाले. आईंना मात्र काहीच जाणवत नाही. खुपत नाही, जळजळत नाही. तुम्ही स्वतः 34 वर्षांच्या, नोकरी हिंजवडीत, तीन वर्षांपूर्वी लेझरने चष्म्याचा नंबर काढलेला. तेव्हापासून दुपारनंतर डोळ्यांची आग होते, गाडीवर वारा लागला की डोळे उघडे ठेववत नाहीत, आणि दोन ठिकाणी दाखवूनही ‘सगळं नॉर्मल आहे’ एवढंच ऐकायला मिळालं. अश्रूंमधल्या रसायनांवरून कॉर्नियाच्या नसांची, म्हणजे मज्जातंतूंची, तब्येत कळते, असं तुमच्या वाचनात आलं. पुण्यात ही तपासणी कुठे होते आणि दोघींनी करून घ्यावी का, हे तुम्हाला हवंय.

मी कॉर्नियाचंच काम करते, त्यामुळे आधी सरळ उत्तर देते. नसांची तब्येत सांगणारी अश्रूंची तपासणी आजच्या घडीला संशोधनात वापरली जाते. रक्तातली साखर बघावी तशी ती रोजच्या दवाखान्यात होत नाही, आणि तुम्हा दोघींच्या बाबतीत पुढचं पाऊल ठरवायला तिची गरजही नाही. पण तुमचा अंदाज योग्य दिशेने गेलाय. तुमच्या आणि आईंच्या तक्रारी एकमेकींच्या अगदी उलट दिसतात, तरी दोन्हींचं मूळ कॉर्नियाच्या नसांमध्ये असण्याची शक्यता बरीच आहे. मी दोघींचे डोळे पाहिलेले नाहीत. त्यामुळे खाली जे लिहिते ते निदान म्हणून घेऊ नका. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा काय विचारायचं, एवढ्यासाठी वाचा.

कॉर्नियाची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, असत्या तर आरपार दिसलंच नसतं. नसा मात्र शरीरात जवळपास इतर कुठेही नसतील इतक्या दाट आहेत. चेहऱ्याला संवेदना देणारी जी मोठी नस आहे तिच्या वरच्या फाट्यातून या नसा येतात, कडेने कॉर्नियात शिरतात, मग वर वळून सगळ्यात बाहेरच्या पेशींच्या थराखाली जाळं विणतात. त्या जाळ्याची टोकं थेट पृष्ठभागाच्या पेशींमध्ये शिरलेली असतात. धुळीचा कण गेला की आपण कळवळतो ते यामुळे.

पण दुखणं कळवणं हे त्यांचं एकच काम नाही. यातली काही टोकं फक्त गारव्याला प्रतिसाद देतात. दोन उघडझापींच्या मध्ये अश्रूंचा पातळ थर जरासा उडून जातो, पृष्ठभाग किंचित थंड होतो आणि ही टोकं मेंदूला कळवतात. मेंदू अश्रुग्रंथीला पाणी सोडायला आणि पापणीला मिटायला सांगतो. आपल्याला याचा पत्ताही लागत नाही, पण दिवसभर डोळा ओला राहतो तो या चक्रामुळे. गारवा ओळखणाऱ्या रेणूच्या शोधाचा वाटा 2021 च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये होता.

दुसरं काम त्याहून महत्त्वाचं, आणि तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथेच आहे. नसा कॉर्नियाच्या पेशींना पोसतात. त्यांच्या टोकांतून सब्स्टन्स पी, सीजीआरपी अशी छोटी प्रथिनं झिरपतात. त्यांच्यामुळे पृष्ठभागाच्या पेशी वाढतात, जागेवर टिकतात, खरचटलं तर भरून येतात. उलट दिशेनेही देवाणघेवाण चालते. कॉर्नियाच्या पेशी नर्व्ह ग्रोथ फॅक्टर नावाचं प्रथिन तयार करतात आणि ते नसांना जिवंत ठेवतं. या प्रथिनाच्या शोधासाठी रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना 1986 चं नोबेल मिळालं. आता यातला काही अंश अश्रूंत उतरणारच. म्हणून मधुमेही लोकांच्या अश्रूंत सब्स्टन्स पी कमी सापडतं का, आणि ज्यांच्यात ते कमी आहे त्यांच्या कॉर्नियात नसाही विरळ आहेत का, हे शोधलं गेलं. टाइप 1 मधुमेहाच्या रुग्णांत तसा संबंध दिसलाही. कोरड्या डोळ्यांत आणि लेझरनंतर अश्रूंतलं नर्व्ह ग्रोथ फॅक्टर वाढल्याचंही दिसलंय. तुम्ही वाचलं ते बहुधा या कामाबद्दल असावं, आणि ते काम चांगलं आहे.

मग मी ती तपासणी का सुचवत नाही? एका डोळ्यात एका वेळी साधारण सात मायक्रोलिटर अश्रू असतात. थेंबसुद्धा भरत नाही. त्यातून नमुना घ्यायचा म्हणजे केशनळी किंवा कागदाची पट्टी डोळ्याजवळ न्यायची, आणि तिचा जरा धक्का लागला की डोळ्यात भराभर पाणी येतं. म्हणजे मोजायला निघालो संथ अश्रू आणि हाती आलं दचकून आलेलं पातळ पाणी. ओढ्यातलं पाणी तपासून वरच्या शेतात काय फवारलंय ते सांगता येतं, पण नुकताच पाऊस पडून गेला असेल तर त्या आकड्याला अर्थ राहत नाही; इथे नमुना घेण्याची कृतीच पाऊस पाडते. त्यात ही छोटी प्रथिनं फार लवकर तुटतात. नमुना लगेच गोठवला का, पट्टीतून तो कसा सोडवला, या साध्या गोष्टींनी आकडा बदलतो.

आणि समजा आकडा अचूक आला, तरी त्याचा अर्थ एकच निघत नाही. नर्व्ह ग्रोथ फॅक्टर वाढलं म्हणजे नसा पुन्हा उगवताहेत असं म्हणता येतं, आणि डोळ्यात दाह सुरू आहे असंही म्हणता येतं. अश्रुग्रंथीतूनही ते येतं, दाहाच्या पेशींतूनही येतं. शंभर लोकांचा गट शंभर लोकांच्या दुसऱ्या गटाशी ताडून पाहताना हा गोंधळ बराचसा निवळतो. समोर बसलेल्या एका माणसाबद्दल बोलताना निवळत नाही. संशोधनातला निष्कर्ष आणि दवाखान्यातला निर्णय यांत हे अंतर कायम असतं. लॅबचा छापील आकडा हातात आला की आपण सगळेच त्याला जास्त वजन देतो, म्हणून मी इथे जरा जास्त सावध आहे.

दवाखान्यात वापरता येतील अशा अश्रूंच्या दोन तपासण्या मात्र आहेत. एक अश्रूंचा खारटपणा, म्हणजे ऑस्मोलॅरिटी. 308 मिलिऑस्मोलच्या वर गेली किंवा दोन डोळ्यांत आठपेक्षा जास्त फरक आला तर अश्रूंचा थर अस्थिर आहे असं धरतात. दुसरी एमएमपी-9 या दाहाशी जोडलेल्या विकराची पट्टी. मिलिलिटरमागे 40 नॅनोग्रॅमच्या वर असेल तर रेष उमटते. रेष उमटली तर दाह कमी करणारे थेंब सुरू करायचा निर्णय मला सोपा होतो. दोन्ही उपयोगी आहेत, पण सगळ्या दवाखान्यांत नसतात, आणि त्या अश्रूंच्या थराबद्दल व दाहाबद्दल बोलतात. नस जिवंत आहे की मेलीय, हे त्यांतून कळत नाही.

आता आईंकडे येते, कारण मला काळजी त्यांची जास्त वाटते.

कॉर्नियावर इतके ठिपके आहेत आणि काहीच होत नाही, हे ऐकून घरच्यांना बरं वाटतं. डॉक्टरच्या कानाला ते खटकायला हवं. पृष्ठभागाच्या पेशी इतक्या गेल्या असतील तर डोळा खुपलाच पाहिजे. खुपत नसेल तर तो निरोप पोचवणाऱ्या नसा कमी झाल्या असाव्यात. आईंना एक विचारा: पायांना मुंग्या येतात का, तळवे बधिर वाटतात का, चप्पल पायातून निसटलेली कळते का? मधुमेहात पायाच्या नसांना जे होतं तेच कॉर्नियाच्या नसांना होऊ शकतं, आणि काही जणांत तिथे आधी दिसतं. जिवंत माणसाच्या कॉर्नियातल्या नसा थेट दाखवणारा कॉन्फोकल मायक्रोस्कोप याच कारणाने मधुमेहाच्या संशोधनात वापरतात. फरक इतकाच, की पायाला जखम झाली तर रोज धुताना दिसते. कॉर्नियाची जखम, नजर अंधुक होईपर्यंत, आरशातही दिसत नाही.

हे तपासायला जी वस्तू लागते ती प्रत्येक दवाखान्यात असते: कापूस. कापसाच्या बोळ्यातून एक बारीक तंतू ओढायचा, रुग्णाला समोर वर बघायला सांगायचं, आणि बाजूने, म्हणजे तो येताना दिसणार नाही असा, कॉर्नियाच्या मध्यावर टेकवायचा. पापणी झटकन मिटली पाहिजे. मग दुसऱ्या डोळ्याला तसंच करायचं आणि विचारायचं, दोन्हीकडे सारखंच लागलं का? मी कॉर्नियाचे चारही भाग वेगळे बघते, कारण नागिणीनंतर किंवा हर्पिसनंतर एखादाच भाग बधिर असतो. जास्त मोजून बघायचं असेल तर नायलॉनच्या धाग्याचं उपकरण असतं. धागा सहा सेंटिमीटर लांब असताना मऊ असतो, जसजसा आखूड करावा तसा ताठ होतो. किती लांबीला रुग्णाला तो जाणवला, यावरून संवेदना मोजायची. जिथे हे उपकरण नाही तिथे कापूस पुरेसा आहे.

यात एक गोष्ट आग्रहाने सांगते, कारण गर्दीच्या ओपीडीत ती सहज निसटते. ही तपासणी बधिर करणारा थेंब घालण्याच्या आधी व्हायला हवी. डोळ्याचा दाब मोजायला तो थेंब घालतात, काही जण रंग घालतानाही घालतात. एकदा तो पडला की कोणाचीही कॉर्निया बधिरच लागणार. आईंना घेऊन जाल तेव्हा खुर्चीत बसतानाच म्हणा, ‘डॉक्टर, थेंब घालायच्या आधी कॉर्नियाची संवेदना बघाल का?’ कोणताही समजूतदार डॉक्टर याने नाराज होणार नाही.

संवेदना कमी निघाली तर या आजाराला न्यूरोट्रॉफिक केराटायटिस म्हणतात आणि तो तीन टप्प्यांत मोजतात. पहिल्या टप्प्यात नुसते ठिपके आणि खडबडीत पृष्ठभाग. दुसऱ्यात वरचा पेशींचा थर एका जागी निघून जातो आणि भरत नाही. तिसऱ्यात खालच्या थरात व्रण होतो, कॉर्निया विरघळू लागते, छिद्र पडण्यापर्यंत मजल जाते. तुमच्या वर्णनावरून आई पहिल्या टप्प्यात असाव्यात, आणि तिथेच पकडलं तर खूप काही हातात असतं. कारण मधुमेहच आहे असं आजच धरून मात्र चालू नका. कधी कपाळावर नागीण उठली होती का, डोळ्याला हर्पिस झाला होता का, काचबिंदूचे थेंब वर्षानुवर्षं चालू आहेत का, हे डॉक्टरांना सांगा. काचबिंदूच्या बऱ्याच बाटल्यांत बेंझाल्कोनियम क्लोराइड हे टिकाऊपणासाठीचं द्रव्य असतं. ते रोज पडत राहिलं की पृष्ठभाग आणि नसा दोन्ही झिजतात.

मोतीबिंदूचं ऑपरेशन थांबवायचं का? बहुतेक वेळा काही आठवडे पुढे ढकलून, पृष्ठभाग सुधारून मग करता येतं. तसं करणं दुहेरी फायद्याचं आहे, कारण खडबडीत कॉर्नियावर घेतलेलं माप चुकतं आणि त्यावरून बसवलेल्या लेन्सचा नंबरही चुकतो. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना ‘संवेदना कमी आहे’ हे लेखी कळायला हवं, आणि त्याचं ठोस कारण आहे. मोतीबिंदूनंतर सूज कमी करायला केटोरोलॅक, डायक्लोफेनॅक अशा वेदनाशामक जातीचे थेंब सर्रास देतात. बहुतेकांना ते काही करत नाहीत. पण मधुमेही, कोरड्या आणि नसा कमी झालेल्या कॉर्नियावर ते पृष्ठभाग भरून येऊ देत नाहीत, आणि क्वचित कॉर्निया विरघळायला कारण होतात. डॉक्टरांना आधी माहीत असेल तर ते थेंब टाळतात, किंवा दिले तरी दोन-चार दिवसांनी डोळा बघत राहतात.

उपचारात पहिली पायरी म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ओलावा देणारे थेंब. ते त्रास झाला की घालायचे नाहीत, घड्याळ बघून घालायचे. आईंना त्रास जाणवणारच नाही, मग आठवण कशी होणार? रात्री मलम. पापण्या झोपेत नीट मिटतात का, तेही बघायला हवं. एवढ्याने भागलं नाही तर स्वतःच्या रक्तातून बनवलेले सीरमचे थेंब असतात, साधारण 20 टक्क्यांचे. त्यांत नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, सब्स्टन्स पी, जीवनसत्त्व ए असं बरंच काही असतं, म्हणजे नसांकडून जे मिळायचं बंद झालं त्यातलं काही बाहेरून देणं. ते निर्जंतुक पद्धतीने बनवणाऱ्या ठिकाणीच करून घ्या आणि सांगितलेल्या थंडाव्यात ठेवा. घरी उघड्यावर राहिलेली बाटली जंतूंचं घर होते. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात गर्भवेष्टनाचा, म्हणजे गर्भाभोवतीच्या पिशवीचा, पडदा बसवणं, पापणीच्या कडा काही काळ शिवून ठेवणं, हे पर्याय येतात. पापणी शिवायचं म्हटलं की घरात घबराट होते, पण त्याने वाचलेले डोळे मी पाहिलेत. प्रयोगशाळेत बनवलेलं नर्व्ह ग्रोथ फॅक्टरच थेंबाच्या रूपात देणारं सेनेगर्मिन हे औषध 2018 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. दिवसातून सहा वेळा, आठ आठवडे, आणि फार महाग. पहिल्या टप्प्यात मी त्याचा विचारही करायला सांगणार नाही.

आता तुमच्याबद्दल.

लेझरने नंबर काढताना कोणत्या पद्धतीने काढला, हे कागदावर बघा. लॅसिकमध्ये कॉर्नियाचा साधारण 100 ते 120 मायक्रॉनचा पापुद्रा कापून उचलतात. वर सांगितलेलं नसांचं जाळं बिजागरीची बाजू सोडून सगळीकडे कापलं जातं. छोट्या छेदाच्या स्माइल पद्धतीत त्यामानाने कमी नसा कापल्या जातात. स्पर्शाची संवेदना बहुतेकांत सहा महिने ते वर्षभरात परत येते, पण सूक्ष्मदर्शकाखाली नसांची दाटी पूर्ववत व्हायला कित्येक वर्षं लागतात. उगवताना सगळ्या नसा नीट उगवतातच असं नाही. काही टोकं अति संवेदनशील होतात, आणि वारा, एसी, उजेड यांना वेदनेसारखा प्रतिसाद देतात. पृष्ठभाग साफ असतो, रंगाचा ठिपका नसतो, आणि माणूस मात्र हैराण असतो. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने 2017 मध्ये कोरड्या डोळ्यांची व्याख्या नव्याने केली तेव्हा नसांच्या संवेदनेतला बिघाड हे त्यातलं एक कारण म्हणून पहिल्यांदाच मांडलं. म्हणजे तुमची तक्रार मनाचा खेळ आहे असं कुणी सुचवलं असेल, तर ते मान्य करू नका.

शिर्मरची कागदी पट्टी तुम्हाला लावली असेलच. खालच्या पापणीत पाच मिनिटं ठेवून किती मिलिमीटर भिजली ते बघतात. 1903 पासूनची पद्धत. तुमची पट्टी भरपूर भिजली म्हणून ‘नॉर्मल’ असा शेरा आला असेल. पण पट्टी स्वतःच टोचते, आणि ज्याच्या नसा चिडलेल्या आहेत त्याच्या डोळ्यात तिने जास्तच पाणी येतं. आईंची पट्टी कोरडी आली तर तिथे उलटं असू शकतं: ग्रंथी ठीक, पण टोचल्याचा निरोपच वर जात नाही. म्हणून एकाच पट्टीचा आकडा संवेदनेच्या तपासणीशेजारी ठेवून वाचावा लागतो. अश्रू आणि नसा यांचं नातं समजायला आज माझ्या हाताशी असलेली ही सर्वात स्वस्त जोडी आहे.

तुमच्यासाठी मी काय बघेन? आधी अश्रूंचा थर किती सेकंदात फुटतो ते. दहाच्या आत फुटत असेल तर पापणीच्या कडेच्या तेलग्रंथी दाबून बघेन. त्या तुंबल्या असतील तर कारणाचा मोठा भाग तिथेच आहे. स्क्रीनपुढे आपण पापण्या निम्म्याहूनही कमी वेळा मिटतो, आणि मिटल्या तरी अर्ध्याच. त्यात दिवसभर एसीचा झोत चेहऱ्यावर, पुण्याचा फेब्रुवारी ते मे कोरडा काळ, आणि घरी येताना दुचाकीवर तास-सव्वा तास. तोंडाला स्कार्फ बांधला तरी डोळे उघडेच राहतात. काच खाली घेतलेलं पूर्ण हेल्मेट घाला किंवा कडेने बंद असलेला साधा चष्मा वापरा. रोज गरम पाण्याच्या घडीने पापण्या शेकून, हलक्या हाताने कडा चोळणं हे किमान सहा-आठ आठवडे चिकाटीने केल्याशिवाय त्याचा उपयोग झाला की नाही हे ठरवू नका.

मग एक सोपी परीक्षा, जी फक्त दवाखान्यात करायची. आग होत असतानाच डॉक्टर बधिर करणारा एक थेंब घालतात. आग पूर्ण थांबली तर त्रासाचा उगम पृष्ठभागावर आहे, आणि तिथले उपचार लागू पडतील. जशीच्या तशी राहिली तर वेदनेची सवय वरच्या, मेंदूकडच्या मार्गाला लागलीय आणि थेंबांचे कितीही प्रकार बदलले तरी पुरणार नाहीत. तेव्हा नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या कमी मात्रेत, मज्जातंतूंच्या किंवा वेदनेच्या डॉक्टरांबरोबर ठरवून द्याव्या लागतात. अर्धवट थांबली तर दोन्ही. कॉन्फोकल मायक्रोस्कोप असलेल्या मोठ्या संस्थेत नसांचं चित्र काढता आलं तर उत्तम. ते बघून ‘खरंच काहीतरी आहे’ हा दिलासा मिळतो, आणि माझ्या मते त्या दिलाशालाही किंमत आहे. पण चित्राशिवायही उपचार सुरू करता येतात.

हा बधिर करणारा थेंब घरी आणून वापरू नका. दुकानातून कुणी दिला तरी नको. आग थांबते म्हणून माणूस दर तासाला घालत जातो, आणि काही आठवड्यांत चांगली कॉर्निया पांढरी पडते, व्रण होतो. स्टेरॉइडच्या थेंबांचंही तेच. लाली जाते म्हणून जुन्या चिठ्ठीवर परत परत आणले जातात आणि दाब वाढलेला कळतही नाही.

दोघींनाही एक रक्ततपासणी मी नक्की सांगेन: जीवनसत्त्व बी12. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने गेली अनेक वर्षं दाखवून दिलंय की आपल्याकडे याची कमतरता किती पसरलेली आहे, शाकाहारी घरांत विशेष. नसांच्या आवरणाला ते लागतं. आई मेटफॉर्मिनवर असतील तर कमतरतेची शक्यता आणखी वाढते, कारण त्या गोळीने बी12 चं शोषण कमी होतं. कमी निघालं तर भरून काढल्याने डोळे महिन्यात बरे होतील असं मी म्हणणार नाही, पण कमतरता तशीच ठेवून नसा दुरुस्त होण्याची वाट बघणं चुकीचं आहे. आईंची तीन महिन्यांची सरासरी साखरही याच वेळी बघून घ्या. एक सांगून ठेवते: साखर आटोक्यात आणताना ती एकदम खाली ओढायची नाही, फिजिशियनच्या सल्ल्याने हळूहळू. रेटिना आधीच बिघडलेला असेल तर झपाट्याने उतरलेली साखर काही काळ तो आणखी बिघडवू शकते.

अश्रूंच्या रसायनांकडे परत येऊन एवढंच म्हणते की नमुना घेण्याची एकच पद्धत सगळीकडे ठरली, तर मधुमेही रुग्णाच्या नसांची चाचणी पायाला टाचणी न टोचता डोळ्याच्या कडेवरून होऊ शकेल. मला ते मनापासून हवंय. खेड्यातल्या शिबिरात कॉन्फोकल यंत्र नेता येत नाही, कागदाची पट्टी नेता येते. पण तोपर्यंत कुणी ‘नसांची अश्रू तपासणी’ म्हणून हजारो रुपये सांगितले, तर त्या आकड्यावरून उपचार नेमका काय बदलणार आहे, हे आधी विचारा. उत्तर गोलमोल आलं तर तेच पैसे सीरमच्या थेंबांवर खर्च करा.

क्रम असा ठेवा. या आठवड्यात आईंना कॉर्निया बघणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. तुमची वेळ नंतर घेतली तरी चालेल. जाताना घरात असतील त्या सगळ्या थेंबांच्या बाटल्या, अर्ध्या संपलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्या. कागदावर लिहिलेल्या औषधांपेक्षा डोळ्यात खरंच काय पडतंय ते बाटल्यांवरून कळतं. आणि त्याआधी आईंचा डोळा लाल झाला, चिपडं वाढली, काळ्या बुबुळावर पांढरा डाग दिसला किंवा त्या डोळ्याने अचानक धूसर दिसू लागलं, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दाखवा. रोज सकाळी खिडकीच्या उजेडात त्यांचा डोळा तुम्ही स्वतः बघा आणि एकेक डोळा झाकून समोरचं कॅलेंडर वाचायला सांगा.